तोंड धुणं हाही उपचारच

“तो तोंडाने काही खातच नाही, मग दात कशाला घासायचे?” मेंदूला मार लागलेल्या रुग्णांचे नातेवाईक मला हा प्रश्न हमखास विचारतात. विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, बँकेतले अधिकारी असतात, शेतावरून तडक येऊन आयसीयूच्या दाराशी बसलेले वडील असतात. आपल्या नेहमीच्या समजुतीला धरून पाहिलं तर त्यांचं चुकतही नाही. जेवण झालं की चूळ भरायची, खरकट्या तोंडाने फिरायचं नाही, हे आपल्याला कळत्या वयाच्या आधीच शिकवलेलं असतं. तोंड घाण होतं ते खाण्याने. खाणं तर नाकातल्या नळीतून, राईल्स ट्यूबमधून चाललंय, मग घाण येणार कुठून?

प्रत्यक्षात याच्या उलट घडतं. खाणारं तोंड स्वतःला बऱ्यापैकी साफ ठेवतं. चावताना लाळ सुटते, जीभ गाल आणि हिरड्यांमधल्या खाचांतून फिरते, आपण बोलतो, गिळतो, नकळत ओठांवरून जीभ फिरवतो. मेंदूला इजा झालेल्या माणसाचं हे सगळं थांबलेलं असतं. तोंड उघडं, श्वास तोंडाने, वर ऑक्सिजनचा मास्क, आणि चालू असलेल्या औषधांपैकी एखाद-दुसरं तरी लाळ सुकवणारं. अशा माणसाच्या तोंडात कधी टॉर्च मारून बघा. टाळूवर पिवळट-तपकिरी कवच धरलेलं दिसेल. ओल्या गॉजने बराच वेळ भिजवत ठेवलं की ते कडेने सुटायला लागतं, आणि कधीकधी अख्खा पापुद्रा टाळूचा आकार घेऊनच बाहेर येतो. खाली लालबुंद, हुळहुळी टाळू. रोज तीन वेळा अंग पुसून देणारी, दर दोन तासांनी कूस बदलणारी बायको तो पापुद्रा किडनी ट्रेमध्ये पडलेला पाहते तेव्हा तिला रडू फुटतं. तिने कसलीच कसूर केलेली नसते. तोंडाबद्दल तिला कुणी काही सांगितलेलंच नसतं.

मी बोलणं आणि गिळणं या दोन गोष्टींवर रुग्णांसोबत काम करते. माझं म्हणणं साधं आहे. मेंदूच्या दुखापतीतून बाहेर येणाऱ्या माणसाचं तोंड साफ करणं हा स्वच्छतेचा भाग म्हणून उरकण्याचा प्रकार नाही. तो फुप्फुसांचा उपचार आहे आणि मेंदूचाही. उपचार म्हटला की तो केसपेपरवर लिहावा लागतो, शिकवावा लागतो, झाला की नाही याची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे यातलं काहीही नेमाने होत नाही.

आधी फुप्फुसांचं. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आपण दिवसभर, झोपेतसुद्धा, गिळत असतो. नाकातली नळी अन्नाची वाट बदलते, लाळेची वाट मात्र तीच राहते. गिळताना श्वासनलिकेचं दार नेमक्या क्षणी बंद व्हावं लागतं आणि ते काम मेंदू करतो. मेंदूला मार लागला की हा ताळमेळ बिघडतो आणि लाळ थोडी थोडी करून फुप्फुसांकडे उतरत राहते. निरोगी माणसाला अशा वेळी जोरात ठसका लागतो. या रुग्णांपैकी अनेकांना तो लागतच नाही, कारण घशाची जाणीवच बोथट झालेली असते. “ठसका नाही, म्हणजे सगळं ठीक चाललंय” हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा. गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी असली तरी सुटका नाही. नळीच्या फुग्यावर लाळ साचते आणि फटीतून खाली झिरपते.

आता त्या लाळेत काय आहे, हा प्रश्न उरतो. गंभीर आजारी माणसाच्या तोंडातली जंतूंची वस्ती रुग्णालयात आल्यावर दोन-तीन दिवसांत बदलते आणि न्यूमोनिया करणारे, औषधांना दाद न देणारे जंतू तिथे ठाण मांडू लागतात. सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १८९ वृद्धांचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेऊन १९९८ साली जे मांडलं, ते आमच्या क्षेत्रातल्या लोकांना तेव्हा चक्रावून टाकणारं होतं. गिळण्यातला दोष एकटा न्यूमोनियाला पुरेसा ठरत नव्हता. कोणाला न्यूमोनिया होईल हे ज्या गोष्टींवरून सांगता येत होतं, त्यांत वरच्या क्रमांकावर होत्या या: भरवायला दुसरा माणूस लागणं, तोंड साफ करायला दुसरा माणूस लागणं, आणि किडलेल्या दातांची संख्या. चुकीच्या वाटेने काहीतरी गेलं याहून, जे गेलं ते किती घाण होतं, याला मोल आलं.

जपानमध्ये ताकेयोशी योनेयामा यांनी ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं एक प्रयोग केला. निम्म्या रहिवाशांचे दात प्रत्येक जेवणानंतर कर्मचाऱ्यांनी घासून दिले, दंतवैद्य किंवा त्यांच्या सहायकांनी आठवड्यातून एकदा येऊन तपासलं. उरलेल्यांचं जे चाललं होतं ते चालू राहिलं. २००२ साली निकाल छापून आले. तोंडाची निगा राखलेल्यांत ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, इतरांत १९ टक्क्यांना. औषध नवीन नव्हतं, यंत्र नव्हतं. होता तो ब्रश, आणि दुसऱ्याच्या तोंडाला रोज हात लावायला तयार असलेली माणसं. पुढे २०२३ च्या अखेरीस एरेनझेलर आणि क्लोम्पस यांनी रुग्णालयांतल्या १५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. दात घासले जात होते त्या रुग्णांत न्यूमोनियाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता आणि आयसीयूतले मृत्यूही कमी होते. लाभ मुख्यतः व्हेंटिलेटरवर असलेल्यांना दिसला.

कुणी म्हणेल, यातला बराचसा पुरावा म्हाताऱ्या माणसांचा आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा आहे, मोटारसायकलवरून पडलेल्या पंचविशीतल्या पोराचा नाही. हे खरं आहे, आणि दडवण्यासारखं नाही. पण जो आधी व्हेंटिलेटरवर होता, ज्याला गिळता येत नाही, ज्याच्या तोंडाला दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्यात आणि त्या वृद्धांत फुप्फुसांच्या दृष्टीने फरक काय उरतो? नुकसान होण्याची शक्यता इतकी थोडी आणि खर्च इतका किरकोळ असताना आणखी पुराव्याची वाट पाहत थांबणं मला तरी पटत नाही. शिवाय ही पोरं थोडी नाहीत. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांत दुचाकीवरची सर्वांत जास्त होती. जी वाचली पण महिनोन् महिने अंथरुणाला खिळली, ती घरोघरी आहेत. त्यांचा असा आकडा कुठे छापून येत नाही.

‘घासणं’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण आपल्याकडे तोंडाची निगा म्हणजे बहुधा पुसणं असतं. आर्टरी फोर्सेप्सला गॉज गुंडाळायचा, माउथवॉशमध्ये बुडवायचा, ओठांवरून आणि पुढच्या दातांवरून फिरवायचा, वर बोरोग्लिसरीन लावायचं, झालं. दातांवर बसलेला जंतूंचा थर घाटाच्या पायरीवरच्या शेवाळासारखा असतो. वरून कितीही पाणी ओता, खरवडल्याशिवाय तो हलत नाही. माउथवॉश त्याच्या आत शिरत नाही. क्लोरहेक्सिडीनवर आपल्या रुग्णालयांची मोठी श्रद्धा आहे. पण अमेरिकेतल्या संसर्ग-प्रतिबंधाच्या संस्थांनी २०२२ च्या मार्गदर्शनात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी ते सरसकट वापरू नये असं म्हटलं आणि क्लोरहेक्सिडीनविना दात घासण्याला आवश्यक कामांत जागा दिली. कारण न्यूमोनिया टाळण्यातला त्याचा फायदा संशयास्पद निघाला आणि काही विश्लेषणांत तर मृत्यू वाढल्याचा इशारा दिसला. ग्लिसरीनबद्दलही सांगायला हवं. लावल्या लावल्या ओठ ओले दिसतात, थोड्या वेळाने तोंड अधिकच कोरडं पडतं. आणि तेल. घरी आल्यावर कुणीतरी गंडूष सुचवतं, तिळाचं किंवा खोबरेल तेल तोंडात धरायला सांगतं. शुद्धीवर असलेल्या, चूळ थुंकता येणाऱ्या माणसाने काय करावं हा वेगळा विषय. गिळण्याचा भरवसा नसलेल्याच्या तोंडात तेल घालणं म्हणजे ते फुप्फुसात ओतण्याची जोखीम घेणं. तेलाने होणारा न्यूमोनिया अँटिबायोटिकने बरा होत नाही.

हे सगळं इतकं उघड असेल तर होत का नाही? पहिलं उत्तर मनुष्यबळाचं मिळतं. एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण, सलाइनं, इंजेक्शनं, नोंदी, नवी भरती. ही अडचण खरी आहे आणि त्या सिस्टरला बोल लावण्यात काही अर्थ नाही. पण मला ते उत्तर अपुरं वाटतं. त्याच वॉर्डात तितक्याच माणसांत बेडसोर होऊ नये म्हणून कूस बदलण्याचा तक्ता खाटेला लटकवलेला असतो आणि त्यावर सह्या होतात. तोंडाचा तक्ता नसतो. तोंडाचं काम वरून खाली सरकत जातं. डॉक्टर ते सिस्टरवर सोडतात, सिस्टर मावशींवर, मावशी नातेवाइकांवर, आणि नातेवाइकांत ते घरातल्या बाईवर येऊन थांबतं. ज्या कामात लाळेला हात लावावा लागतो ते काम आपल्या समाजात नेहमी असंच खाली घसरत आलं आहे.

लाळ, थुंकी, उष्टं यांची आपली शिसारी साधी स्वच्छतेची नाही. ती विटाळाची आहे. पेशव्यांच्या राज्यात पुण्यात अस्पृश्यांना थुंकीसाठी गळ्यात मडकं अडकवून फिरावं लागे, याची नोंद डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केली आहे. ते मडकं गेलं. पण दुसऱ्याच्या तोंडातला ओलावा हाताला लागला की आतून जे आक्रसतं, ते गेलेलं नाही, आणि पांढऱ्या कोटातही ते तसंच असतं. चांगल्या घरातले मुलगे वडिलांचा डायपर बदलायला तयार होतात, पण त्यांची कवळी काढून धुवायला मागेपुढे बघतात, हे मी पाहिलं आहे. जखमेतला पू पुसणं हे वैद्यक मानलं जातं आणि दातावरचा थर काढणं हे मोलकरणीचं काम मानलं जातं. दोन्ही ठिकाणी असतात जंतूच. फरक आपल्या नजरेत आहे, आणि जोवर तो आहे तोवर नुसती माणसं वाढवूनही तोंडं स्वच्छ होतील असं मला वाटत नाही.

दुसरी अडचण भीतीची आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. “पाणी घशात गेलं तर?” “त्याने बोट चावलं तर?” दोन्ही भीती रास्त आहेत आणि दोन्हींवर हाताशी असलेले उपाय आहेत. रुग्णाला उताणं ठेवून कधीच तोंड साफ करू नये. बसतं करावं, ते जमत नसेल तर कुशीवर वळवून तोंडाची कड खाली येईल असं ठेवावं, म्हणजे पाणी बाहेर वाहतं. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यावा. तो पाण्यात बुडवून झटकून टाकावा, निथळता नको. पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी, शक्यतो फेस न होणारी. सक्शन मशीन असेल तर दुसऱ्या हातात त्याची नळी. आता ही मशिनं शहरांत भाड्यानेही मिळतात. नसेल तर बोटाला न गुंडाळता, ब्रशच्या दांड्याला गॉज घट्ट बांधून ओलावा टिपत राहावा. मध्ये थांबावं, त्याला गिळू द्यावं. अर्धांग झालेल्या बाजूचा गाल आतून आवर्जून बघावा. भरवायला सुरुवात झालेली असली तर सकाळचा भात दुपारीही तिथे सापडतो, कारण त्या गालाला तो असल्याचं कळतच नाही. अपघातात हलका झालेला एखादा दात हाताला लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावा. तो सुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.

चावण्याचं थोडं सविस्तर सांगते. मेंदूच्या मोठ्या इजेनंतर काही रुग्णांत तान्ह्या बाळातली एक प्रतिक्रिया परत येते. दातांना किंवा हिरडीला काही लागलं की जबडा खटकन मिटतो आणि मिटलेलाच राहतो. रुग्ण मुद्दाम चावत नाही, त्याला सोडताही येत नाही. अशा वेळी घाबरून ब्रश ओढला की जबडा आणखी आवळतो. एका चोवीस वर्षांच्या मुलाची आई पहिल्या दिवशी नेमकं हेच करत होती. ब्रश ओढत होती आणि “सोड ना रे राजा, सोड” म्हणत होती. मी तिला हात थांबवायला सांगितलं. ब्रश तिथेच सैल धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या गालावर जबड्याच्या सांध्यापाशी टेकवायचा आणि वाट बघायची. अर्ध्या मिनिटाने दात सुटले. दुसऱ्या दिवसापासून तिने सुरुवातच बाहेरून केली. आधी हात, मग दंड, मग गाल, मग ओठांभोवती, मग वरच्या ओठाच्या आतून हिरडीवरून बोट. दातांच्या मध्ये बोट कधीच नाही, स्टीलचा चमचाही नाही. महिन्याभरात ती बाई ते काम माझ्यापेक्षा सफाईने करू लागली. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं होतं.

तोंड उघडत नाही याचं कारण दर वेळी मेंदूतच असतं असंही नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. गुटखा-सुपारीने गालांची आतली कातडी ताठ होऊन ज्याचं तोंड अपघाताआधीच दोन बोटंही उघडत नव्हतं, त्याच्या जबड्याला ‘स्पॅस्टिसिटी’, म्हणजे मेंदूच्या इजेने आलेला ताठरपणा, समजून महिनाभर मसाज केला जातो. घरच्यांना एक प्रश्न विचारला असता तर उलगडा झाला असता. फिनिटॉइनचंही तसंच. डोक्याला मार लागल्यावर झटके येऊ नयेत म्हणून ही गोळी सर्रास दिली जाते आणि तिच्यामुळे हिरड्या वाढतात, हे १९३९ पासून माहीत आहे. वाढलेली हिरडी दाताला झाकू लागते, खाली थर साचतो, त्यामुळे हिरडी आणखी सुजते. तोंड स्वच्छ असेल तिथे हा त्रास कमी होतो. झटके आलेले नसताना केवळ खबरदारी म्हणून दिलेल्या फिनिटॉइनचा फायदा पहिल्या आठवड्यापुरताच दिसतो, हे टेमकिन यांच्या १९९० च्या चाचणीतून पुढे आलं. तरी ती गोळी वर्षभर चालू असलेले रुग्ण मला भेटतात, कारण ‘कधी थांबवायची’ हे कुणी लिहिलेलं नसतं आणि कुणी विचारलेलंही नसतं. ती आपल्या मनाने बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारावं, विचारायला लाजू नये.

आणि दुखणं. ज्याला बोलता येत नाही त्याची दाढ दुखत असेल तर तो काय करेल? डोकं हलवेल, नळी उपसेल, जवळ आलेल्याला मारेल, रात्रभर ओरडेल. शुद्धीवर येण्याच्या वाटेवर अनेकदा आक्रमकतेचा एक टप्पा येतो, त्यामुळे हे सगळं त्याच खात्यावर जमा होतं आणि झोपेचं औषध वाढतं. झोपेच्या औषधाने गिळणं आणखी मंदावतं. लाळ पुन्हा फुप्फुसांत. एका किडलेल्या दाढेपासून सुरू झालेली ही साखळी अनेकदा न्यूमोनियापर्यंत जाऊन पोचते आणि मृत्यूच्या दाखल्यावर दाढेचा उल्लेखही नसतो. चिडचिड वाढली की आधी तोंड उघडून बघावं, हा नियम मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला घालून देते.

आता मेंदूचं. मेंदूवर उपचार म्हटलं की डोळ्यांसमोर ऑपरेशन येतं, एमआरआय येतो. दात घासण्याला त्या पंगतीत बसवणं कुणाला अतिशयोक्ती वाटेल. पण माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी जागेपणी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूला हलकी वीज लावून शरीराचा जो नकाशा काढला, तो आठवून पाहा. १९३७ साली तो छापून आला. त्यात अख्ख्या पाठीला आणि पोटाला मिळून जेवढी जागा आहे, त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा ओठ, जीभ आणि हातांच्या बोटांनी व्यापली आहे. मेंदूपर्यंत पोचायची सगळ्यांत रुंद वाट तोंडातून जाते. आपण त्या माणसाला महिनाभर छताकडे तोंड करून निजवतो, नाकात नळी घालतो आणि तोंडाला स्पर्श म्हणून मिळतो तो फक्त सक्शनचा. खेचणारा, दुखवणारा, सांगून न येणारा स्पर्श. त्या जागेतल्या मेंदूला मग जागं तरी कशाने व्हावं?

ब्रिटिश स्पीच थेरपिस्ट के कूम्स यांनी याच विचारातून एक उपचारपद्धती उभी केली. डेन्मार्क, जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या मेंदू-पुनर्वसन केंद्रांत ती वापरात आहे. तिचे चार भाग आहेत: गिळणं, तोंडाची स्वच्छता, चेहऱ्यावरचे हावभाव, आणि श्वास-आवाज-बोलणं. स्वच्छता इथे बोलण्याच्या आणि गिळण्याच्या पंक्तीला बसते. थेरपिस्ट आधी रुग्णाचा स्वतःचाच हात धरून त्याच्या चेहऱ्यापर्यंत नेते, मग तोंडाला हात लावते. स्पर्श कुठून येतो आहे हे त्याला आधी कळावं म्हणून. ब्रश फिरला की लाळ सुटते, लाळ सुटली की गिळण्याची संधी येते. खाऊ घालण्याची घाई न करता गिळण्याचा सराव करायला याहून सुरक्षित वेळ मला माहीत नाही.

यातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रुग्णाला भान आहे की नाही हे ठरवण्याच्या २००२ च्या निकषांत, किमान भानाच्या अवस्थेतून तो बाहेर आला असं म्हणण्याच्या दोन खुणा सांगितल्या आहेत. एक, हो-नाहीचा भरवशाचा संवाद. दुसरी, ओळखीच्या वस्तूंचा योग्य वापर, कमीत कमी दोन वस्तूंचा. कंगवा, पेला, आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत आधी, ब्रश. पन्नाशीतले एक रिक्षाचालक होते. “हात वर करा” म्हटलं की ते शून्यात बघायचे. “डोळे मिटा” म्हटलं तरी तेच. मुलाने एकदा सकाळी त्यांना उठवून बसवलं, मांडीवर टॉवेल टाकला, समोर पाण्याचं टमरेल ठेवलं आणि पेस्ट लावलेला ब्रश हातात दिला. हात हळूहळू वर गेला आणि दातांवर घासू लागला. वेडावाकडा, एकाच बाजूला, पण घासू लागला. आज्ञा समजायला जे लागतं ते अजून परतलं नव्हतं, पण चाळीस वर्षांची सवय शाबूत होती. २००९ च्या एका बेल्जियन अभ्यासात, ‘याला काहीच कळत नाही’ असा शिक्का बसलेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांना नीट तपासल्यावर भान असल्याचं आढळलं. असा चुकीचा शिक्का बसला की फिजिओथेरपी थांबते, विमा थांबतो, घरच्यांची उमेद खचते. रोज सकाळी तोंड धुण्याची संधी नेमाने दिली गेली तर त्यांतले काहीजण स्वतःच्या हाताने तो शिक्का पुसतील.

म्हणून त्याच्या तोंडाला हात लावण्याआधी त्याला सांगायला हवं. “दादा, आता दात घासूया, आधी वरचे.” उत्तर येणार नाही. तरी सांगायचं, आणि तो तोंड घट्ट मिटून मान फिरवत असेल तर तो नकार आहे हे मानून पाच मिनिटांनी पुन्हा यायचं. कुणाच्याही तोंडात न विचारता हात घालायचा अधिकार आपल्याला कोणत्याच इतर नात्यात नसतो. बेशुद्धी हा त्याला अपवाद कसा?

व्यवस्थेने काय करावं याची माझी यादी लांब नाही. न्यूरोसर्जरीच्या प्रत्येक वॉर्डात कूस बदलण्याच्या तक्त्याशेजारी तोंडाचा तक्ता हवा आणि राउंडवर मोठ्या डॉक्टरांनी टॉर्च मारून एकदा तोंडात बघायला हवं. त्यांनी बघितलं की खालचे सगळे बघू लागतात. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत नायर रुग्णालय आणि नायर दंत महाविद्यालय एकाच महापालिकेची आहेत आणि शेजारी-शेजारी आहेत. अशा ठिकाणी दंतवैद्यकाच्या इंटर्न मुलामुलींना काही आठवडे मेंदूच्या वॉर्डात पाठवायला नवी इमारत लागत नाही, की नवा कायदा लागत नाही. त्यांनाही कळेल की रुग्ण नेहमी खुर्चीत बसून ‘आ’ करत नाही. आणि डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली एक ओळ: दिवसातून किमान दोनदा ब्रश, कुशीवर, कसा ते नातेवाइकांकडून करून घेऊन दाखवलं, खाली दाखवणाऱ्याची सही. सांगितलं असं लिहून भागणार नाही. कारण त्या आईचा हात पहिल्यांदा ब्रशवर आवळला तेव्हा सांगण्याचा काही उपयोग नव्हता, कुणीतरी तिच्या शेजारी उभं राहणं गरजेचं होतं.

राहता राहिला रुग्णाजवळ थांबायला माणसं पाठवणारा ब्यूरो. शहरांत अशा रुग्णांजवळ बारा-बारा तास असतात ते ब्यूरोने पाठवलेले मामा किंवा मावशी. त्यांना बीपी बघता येतं का, नळीतून फीड देता येतं का, हे सगळे विचारतात. दुसऱ्याचे दात घासता येतात का, हे विचारताना मी कुणाला ऐकलेलं नाही. ते विचारावं. येत नसेल तर पहिले दोन दिवस शिकवायला माणूस बोलवावा, आणि ते काम त्यांनी अंगावर घेतलं की रोजचे पैसे वाढवून द्यावेत. नळीतून फीड देण्याइतकंच ते कौशल्याचं आहे, आणि त्याचे पैसे वेगळे मोजल्याशिवाय घरातही ते काम कौशल्याचं म्हणून गणलं जाणार नाही.